टायर ‘फुटतो’ तेव्हा

महामार्गावरील अपघातांची वृत्ते बहुधा एकाच वाक्यरचनेत येतात. ‘टायर फुटल्याने’, ‘ब्रेक निकामी झाल्याने’, ‘चालकाचा ताबा सुटल्याने’. तिन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. टायर आपणहून फुटतो, ब्रेक आपणहून निकामी होतात आणि कर्ता म्हणून कोणी उरतच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. यांतील फार मोठा वाटा बेसुमार वेगाचा आहे, हे खरे. परंतु वेग आणि वाहनाची निगा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत.

समृद्धी महामार्गाचे उदाहरण घ्या. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि उरलेला अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. ताशी १२० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते; म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ती तेवढी गेलेली असते. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू धावताना सतत दबत व वाकत राहतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. गावातल्या चाळिसाच्या वेगात हा दोष खपून जातो. वैशाखातल्या दुपारी, सिमेंटच्या रस्त्यावर, तासभर न थांबता पळणाऱ्या गाडीत तो खपत नाही. परिवहन विभागाने २०२३ साली या मार्गाच्या प्रवेशनाक्यांवर टायर तपासण्यास सुरुवात केली, ती याच कारणाने.

प्रस्तुत लेखकाने स्वतःकडे शहाणपण घेण्याचे कारण नाही. माझी गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर निघते. टायरांवरील नक्षी शाबूत होती, म्हणून मी निश्चिंत होतो. एका पंक्चरवाल्याने टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंक मला बोटाने दाखविले : २३१७. म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. बाजूचे रबर भेगाळले होते. वर्गात घसारा शिकविणाऱ्या माणसाच्या घरखर्चाच्या वहीत टायरचा घसारा कधीच मांडला गेला नव्हता!

खरे तर यात गुंतागुंतीचे काही नाही. हवा गाडी थंड असताना तपासावी. आकडा पंक्चरवाल्याच्या अंदाजाने नव्हे, तर चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर छापलेला घ्यावा. नायट्रोजन भरला म्हणजे तपासणीतून सुटका झाली, असेही नाही; साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाली की नियमाने तो टायर बाद ठरतो. पण आपल्याकडे तो पुरता गोटा होईपर्यंत चालतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. हा खर्च मात्र डोळ्यांना दिसत नाही. आसनांची नवी आवरणे आणि पॉलिश दिसते, म्हणून पैसा तिकडे जातो.

येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. टायर न बदलून वाचलेले काही हजार रुपये मालकाच्या खिशात राहतात. धोका मात्र समोरून येणाऱ्या दुचाकीस्वारानेही उचलायचा असतो. अशा ठिकाणी शासनाने लक्ष घालावे, अशी अपेक्षा असते. आपल्याकडे ट्रक-बसला ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी मोटारीच्या धुराची तपासणी होते. तिच्या ब्रेकची व टायरांची सक्तीची तपासणी नोंदणीपासून पंधरा वर्षे होत नाही. ब्रिटनच्या बहुतेक भागांत नव्या गाडीला तीन वर्षे झाली की ती दरवर्षी तपासली जाते. जपानमध्ये तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी.

यावर आक्षेप येईल की, आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक खिडकी आणि आणखी एक दलाल. हा आक्षेप मी झटकून टाकीत नाही. धुराची प्रमाणपत्रे गाडी न पाहता मिळतात, हे कोणाला ठाऊक नाही? म्हणूनच मला विम्याचा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो. खाजगी मोटारीसाठी तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनच्या क्षमतेनुसार ठरतो. गाडीच्या अवस्थेचा त्याच्याशी काही संबंध नाही. दावा न केल्याबद्दलची सवलत मिळते, तीही केवळ स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर. टायर व ब्रेक तपासून घेणाऱ्यास तृतीय पक्षाच्या हप्त्यात थोडी सूट दिली आणि चुकीचा दाखला देणाऱ्या गॅरेजवर विमा कंपनीला वसुलीचा हक्क दिला, तर तपासणीत हितसंबंध असलेला एक तरी पक्ष निर्माण होईल. शासनाने २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला आहे. त्यामुळे नवा टायर परवडत नाही, ही सबबही थोडी लंगडी पडली आहे. विम्याच्या नूतनीकरणाच्या अर्जात टायरच्या निर्मितीवर्षासाठी एक रकाना वाढविण्यापासून सुरुवात करता येईल. त्याला नवा कायदा लागेल, असे वाटत नाही.