घास भरवणारी आई आणि कायदा

मैत्रिणींनो, आई मांडीवरच्या लेकराला हाताने दहीभात भरवतेय, यात तुम्हाला-मला काही वावगं दिसेल? २०११ साली नॉर्वेत राहणाऱ्या एका बंगाली जोडप्याची दोन लहानगी मुलं तिथल्या बालसंरक्षण खात्याने नेली. आईवडिलांनी सांगितलेल्या कारणांत हेही होतं : हाताने भरवणं आणि मुलाला आपल्याजवळ झोपवणं. खात्याने ते नाकारलं, पण गोपनीयतेकडे बोट दाखवून तपशील दिला नाही. २०१२ मध्ये मुलं काकांच्या ताब्यात भारतात आली. आईला ती मिळायला कोलकाता उच्च न्यायालय गाठावं लागलं, २०१३ उजाडलं. २०२३ मध्ये यावर राणी मुखर्जीचा सिनेमाही आला.

मला विचाराल तर खात्याला सरसकट खलनायक ठरवणं पटत नाही. घरात मार खाणारी पोरं आपल्या गल्लीतही असतात. तेव्हा कुणीतरी दार वाजवायलाच हवं. पण दार वाजवणं वेगळं आणि लेकरू उचलून नेणं वेगळं! आधी त्या घराला मदत नको का? २०१६ च्या एप्रिलमध्ये नॉर्वेच्या या कारभाराविरुद्ध कितीतरी देशांत पालक रस्त्यावर उतरले, ते काय उगीच?

२०१९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने नॉर्वेतल्याच एका आईच्या बाजूने कौल दिला. तिचं तान्हं बाळ आधी दुसऱ्या घरी ठेवलं, मग दत्तकच देऊन टाकलं. मधल्या काळात भेटी इतक्या मोजक्या की माया जुळावी कशी? न्यायालयाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. पण तोवर ते मूल दहा वर्षांचं झालं होतं.