चंद्रावरील पितर

चंद्रावर कोण राहते? भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पितरांना चंद्राच्या वरच्या, म्हणजे पृथ्वीस कधीच न दिसणाऱ्या भागी वसविले आहे. आमची अमावास्या हा त्यांचा माध्याह्न, पौर्णिमा ही मध्यरात्र. रहिवासी पुराणातले, पण त्यांच्या दिवसाचे गणित चोख! १९५९ च्या ऑक्टोबरात रशियन यानाने त्या बाजूची पहिली छायाचित्रे घेतली, ती अमावास्येनंतर पाचव्या दिवशी. तेथे बहुतेक ठिकाणी ऊनच होते.

यावरून 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' अशी आरोळी ठोकणारे आणि पितर म्हणताच हसणारे, असे दोन्ही पक्ष हल्ली बोकाळले आहेत. गणित करण्याचे कष्ट दोघांनाही नकोत.

आचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. १२०७ सालच्या तेथील शिलालेखात राजाच्या दानाबरोबर बाजारातील गिऱ्हाइकांकडून व तेलाच्या घाण्यांकडून मठास मिळावयाचा वाटाही नोंदलेला आहे. परग्रहवासीयांच्या वार्ता आम्ही आज चहाबरोबर चवीने वाचतो. पण आकाशाच्या अभ्यासासाठी घाण्यामागे पळीभर तेल द्यावयास जळगाव-धुळ्यातील किती पेढ्या पुढे येतील?