गुडघा गेला, मग कॉलेज कुठं असतं?

1993 साली अमेरिकेत ‘द प्रोग्रॅम’ नावाचा चित्रपट आला. कॉलेजचा फुटबॉल संघ, कसंही करून जिंकायची घाई आणि त्या ओझ्याखाली दारू, स्टेरॉइड आणि परीक्षेतल्या फसवणुकीपर्यंत गेलेली विशीतली पोरं, अशी त्याची कथा. तिकडचा हा फुटबॉल चेंडू हातात घेऊन खेळतात. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखावर प्रेक्षक बसतात. 2021 पासून तिथल्या खेळाडूंना जाहिरातीतून कमावता येऊ लागलं आणि जुलै 2025 पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. त्यासाठी अनेक वर्षं कोर्टात भांडावं लागलं.

आपल्याकडं, कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगडातल्या गारगोटीच्या पोराला यातलं काय लागू पडतं? पैसा नाही, प्रेक्षक नाहीत. ओझं मात्र आहे.

कोल्हापूर ही फुटबॉलची पेठ. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. याच शहरातला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो डोळ्यांसमोर ठेवून भुदरगडातलं पोरगं बूट पिशवीत कोंबतं, सकाळची एसटी धरतं आणि मुदाळ तिट्टा, बिद्री करत सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या कोल्हापुरात पोचतं. घरच्यांचं गणित साधं असतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, म्हणजे खेळाचं सर्टिफिकेट आलं पाहिजे. त्या एका कागदापायी पोरगं सुजलेल्या घोट्यावर क्रेप बँडेज आवळून मैदानात उतरतं आणि सरांना काही सांगत नाही. सांगितलं तर संघातून नाव जाईल, ही भीती.

एखाद्या दिवशी गुडघा फिरतो. लिगामेंट तुटलं तर ऑपरेशन, मग आठ-नऊ महिने व्यायाम आणि विश्रांती. जिंकलेली ढाल कॉलेजच्या कपाटात राहते आणि दवाखान्याचं बिल बापाच्या उसावर निघतं. वर हजेरी कमी भरली म्हणून पोराला ऑफिसात उभं राहावं लागतं. याला खेळाला प्रोत्साहन म्हणायचं असेल तर तो शब्द वापरणं थांबवावं.

कोल्हापूरनं याहून फार चांगलं काही पाहिलेलं आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैलवान खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं. आपल्या विद्यार्थ्याचा खेळ ही आपली जबाबदारी आहे, असं एका प्राचार्याला वाटलं होतं.

आजच्या प्राचार्यांकडे कुणी घर मागत नाही. संघात नाव घेतलं त्या दिवशी विमा उतरवावा, स्पर्धेमुळे चुकलेला पेपर पुन्हा घ्यावा आणि जखमी खेळाडूची हजेरी धरावी, एवढंच मागणं आहे. जे. पी. नाईकांनी ज्या गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं, त्या गावानं ही सुरुवात करावी. येत्या जूनमध्ये ॲडमिशनला जाणाऱ्या आईबापांनी खेळाचं सर्टिफिकेट फॉर्मला जोडण्याआधी ऑफिसात विचारावं, पोराचा पाय मोडला तर खर्च कोण करणार? आणि उत्तर लेखी घ्यावं.