धरण उशाला, पाण्याची भीती घशाला : शिडाच्या शर्यतींचा खेळ आपल्या जलाशयात का नको?

अहिल्यानगर : आपल्या जिल्ह्यात धरणाचं पाणी म्हटलं की बोलणं तीन गोष्टींवर येऊन थांबतं. आवर्तन कधी सुटणार, टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचणार का आणि जायकवाडीला किती सोडणार. यात चूक काही नाही, पोट त्यावरच आहे. पण त्याच पाण्याच्या काठावर वाढलेल्या पोरांना पाण्यात कसं वागायचं हे कोण शिकवतं, हा चौथा प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारला जातो तो दुर्घटना घडल्यावर, आणि दहाव्यापर्यंत विसरलाही जातो.

मे २०२४ मधले तीन दिवस आठवून बघा. २१ मे रोजी उजनीच्या फुगवट्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. लगेच २३ मे रोजी आपल्या अकोले तालुक्यात सुगाव इथं प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचीच बोट उलटली. त्यात दलाचे तीन जवान गेले. एका ठिकाणी वारा, दुसऱ्या ठिकाणी पाण्याची ओढ. दोन्हीकडे एक गोष्ट दिसली, ती म्हणजे पाणी कुणाची वर्दी बघत नाही.

या पार्श्वभूमीवर एका अशा खेळाची गोष्ट सांगायची आहे, जो आपल्याकडं श्रीमंतांचा चोचला समजला जातो. शिडाच्या छोट्या कॅटमरान बोटींची शर्यत.

कॅटमरान म्हणजे काय?

नाव इंग्रजी वाटत असलं तरी शब्द आपल्या देशातला आहे. तमिळमध्ये 'कट्टू' म्हणजे बांधणं आणि 'मरम' म्हणजे झाड, लाकूड. ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे कट्टुमरम. पुढं हा शब्द जगभर गेला आणि दोन अरुंद नावा शेजारी-शेजारी ठेवून वर आडव्या दांड्यांनी जोडलेल्या बोटीला चिकटला. बैलगाडीला जशी दोन चाकं आणि मधे साटा, तशी ही बोट. दोन बाजूंना दोन नावा, मधे ताणलेलं जाड कापड, त्यावर माणसं आणि मधोमध डोलकाठीला शीड.

छोट्या कॅटमरानमधली जगात सगळ्यात जास्त पसरलेली बोट म्हणजे 'होबी १६'. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर नावाच्या माणसानं ती १९७० च्या सुमारास आणली. लांबी साडेसोळा फूट, रुंदी आठ फुटांच्या आसपास, वजन साधारण १४५ किलो, चालवायला दोन माणसं. इंजिन नाही, डिझेल नाही. तिच्या नावांचा आकार असा केलाय की पाण्याखाली वेगळी फळी सोडावी लागत नाही आणि सुकाणू काठाला टेकलं की वर उचललं जातं. त्यामुळं ती उथळ काठावर सरळ ओढून घेता येते. ज्या धरणाचा काठ दर महिन्याला मागं सरकतो, तिथं ही मोठी सोय आहे.

रुंद असल्यानं ती साध्या होडीसारखी डुलत नाही. पण म्हणून ती गरीब गाय आहे असं समजू नका. वारा भरला की एक बाजू पाण्याबाहेर उचलली जाते, आणि तोल धरायला माणूस तारेला लटकून बोटीच्या बाहेर झुकतो. अंदाज चुकला की बोट आडवी. म्हणून शिकणाऱ्याला पहिल्या धड्यांतच बोट उलटली तर सरळ कशी करायची ते शिकवतात. बोटीला धरून राहायचं, सोडून काठाकडे पोहत सुटायचं नाही, दोरी धरून दोघांचं वजन एका बाजूला टाकायचं. कुठल्याही पाण्यावर जाणाऱ्या माणसाला यातली निम्मी गोष्ट जरी माहीत असली तरी जीव वाचू शकतो.

मैत्रीची शर्यत कशी चालते

क्लबची 'रेगाटा' म्हणजे जत्रेतल्या कुस्त्यांसारखी असते. मोठी बक्षिसं नसतात, पण इभ्रत असते. सकाळी वारा बघून पाण्यात बोये टाकतात. एक बोया आणि पंचांची बोट यांच्यामधली कल्पित रेघ म्हणजे सुरुवात. पाच मिनिटं आधी इशारा होतो, मग चार, मग एक, आणि मग सुटायचं. जो रेघेच्या आधीच पुढं गेला त्याला मागं फिरून पुन्हा यावं लागतं. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची बोट सरळ जाऊच शकत नाही, नागमोडी जावं लागतं. कुठल्या वळणावर वळायचं, झुळूक कुठून येते, हा सगळा डोक्याचा खेळ.

गुण रमीसारखे मोजतात. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि शेवटी ज्याचे सगळ्यात कमी तो जिंकला. बऱ्याच शर्यती झाल्या तर प्रत्येकाची सगळ्यात वाईट शर्यत वगळतात. म्हणजे एक दिवस नशीब फिरलं तरी माणूस बाद होत नाही.

छोट्या क्लबात सगळ्या बोटी सारख्या नसतात. एकाची नवी, एकाची वीस वर्षं जुनी. मग वेळेला आकड्यानं भागतात. समजा संथ बोटीचा आकडा ११०० आणि वेगवान बोटीचा १०००. संथ बोट ५५ मिनिटांत आली, वेगवान ५१ मिनिटांत. संथ बोटीची वेळ हजारानं गुणून ११०० नं भागली की ५० मिनिटं होतात. वेगवान बोटीची ५१ तशीच राहते. काठावर दुसरी आलेली बोट निकालात पहिली. पारनेर, संगमनेरच्या घाटात बैलगाडा सेकंदावर मोजणाऱ्या माणसाला हा हिशेब समजायला दोन मिनिटं लागणार नाहीत.

पण या खेळाची खरी किंमत नियमांत आहे. जागतिक नियमपुस्तिकेचा पहिलाच नियम वेगाचा नाही. पाण्यात कुणी संकटात असेल तर शर्यत सोडून शक्य ती सगळी मदत करायची, असा तो आहे. प्रत्येकासाठी बोटीवर जीवरक्षक साधन हवंच, हाही नियम त्याच कलमात आहे. शर्यतीला उतरायचं की नाही याची जबाबदारी ज्याची त्याची. आणि चालू शर्यतीत दुसऱ्याला वाट दिली नाही, चूक झाली, तर पंचाची वाट न बघता बोटीनं स्वतःहून दोन गिरक्या घेऊन दंड भोगायचा. स्वतःची चूक स्वतः कबूल करण्याची सवय लावणारे खेळ फार नाहीत.

समुद्र नाही, मग कसं?

हा पहिला आक्षेप. पण पुण्यात समुद्र कुठं आहे? तिथला रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा. खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या बोटी चालवायला शिकतात. खडकवासल्याचा साठा जेमतेम दोन टीएमसी. आपल्या मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी, भंडारदऱ्याची ११, निळवंड्याची ८ च्या वर. शेवगाव, नेवाशाच्या काठाला नाथसागराचा फुगवटा आहे, कर्जतच्या बाजूला उजनीचा. पाणी कमी आहे असं कुणी म्हणू नये. वाऱ्याचं म्हणाल तर पारनेरच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत.

दुसरा आक्षेप, हा खेळ आपल्या पोरांचा नाही. याला उत्तर मध्य प्रदेशानं दिलंय. देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या राष्ट्रीय नौकानयन शाळेत, म्हणजे तिथल्या तलावावर शिकली. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिनं 'आयएलसीए ४' प्रकारात रौप्यपदक आणलं. तिची बोट कॅटमरान नव्हती, एका नावेची होती, पण वारा, शीड आणि नियम तेच. देवास जिल्ह्यालाही समुद्र नाही. हैदराबादच्या हुसेन सागरावर सरकारी शाळांतली मुलं या खेळात पुढं आली आहेत. फरक समुद्राचा नाही, कुणीतरी बोट, शिक्षक आणि वसतिगृह दिलं याचा आहे.

आशियाई स्पर्धेचं पुढचं पर्व सप्टेंबर २०२६ मध्ये जपानच्या आयची-नागोयात आहे. ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून 'नाक्रा १७' ही कॅटमरान एक पुरुष आणि एक स्त्री मिळून चालवतात. मुलगा-मुलगी एकाच बोटीत, बरोबरीनं, असे खेळ थोडेच.

अडचणी खऱ्या आहेत

आता दुसरी बाजू. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो, तिथं परवानगीशिवाय काही करता येत नाही, आणि तसंच असायला हवं. पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा आणि शेतीचा. शिडाची बोट पाणी पीत नाही की तेल सांडत नाही, ही तिची जमेची बाजू. मार्च २०२४ मध्ये साताऱ्यात कोयनेच्या शिवसागरावर मुनावळे इथं जलपर्यटन सुरू झालं. अशा ठिकाणी भर असतो तो इंजिनाच्या बोटींवर. पर्यटक येतो, फेरी मारतो, जातो. त्यातून रोजगार मिळतो, ते चांगलंच. पण गावचा पोरगा त्यातून पाणी शिकत नाही. तो तिकीट फाडतो.

दुसरी अडचण मच्छीमारांची. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकणाऱ्या माणसाच्या जाळ्यात सुकाणू अडकलं तर त्याचा दिवस बुडाला. तेव्हा कुठल्या भागात, कुठल्या वारी शर्यत हे मच्छीमार सोसायटीला विचारून ठरलं पाहिजे. उलट त्या पाण्याचे खडक, झाडांचे बुंधे, भोवरे त्यांनाच ठाऊक. मदतीच्या बोटीवर पगारी माणूस म्हणून पहिला मान त्यांचा आणि धरणग्रस्तांचा.

तिसरी अडचण जिवाची आहे आणि ती आपल्याकडं जास्त आहे. या बोटींची डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि २६ फुटांच्या घरात उंच असते. आपल्या धरणांच्या काठावर उपसा सिंचनाच्या मोटारी आणि डोक्यावर विजेच्या तारा. अमेरिकेत डोलकाठी तारेला लागून माणसं दगावली, तेव्हा कंपनीनं काठीचं वरचं टोक वीज न वाहणाऱ्या फायबरचं केलं. टोक बदललं तरी तारेखालून बोट न्यायचीच नाही, हा नियम काठावर पाटी लावून पाळावा लागेल.

चौथी गोष्ट हंगाम. मे महिन्यात पाणी तळाला, खडक उघडे आणि वळवाचं वारं बेभरवशाचं. उजनीची बोट गेली ती याच महिन्यात. पावसाळ्यात विसर्ग चालू असताना प्रश्नच येत नाही. नवशिक्यांसाठी धरण भरल्यावर, विसर्ग थांबल्यावर, साधारण ऑक्टोबर ते जानेवारी हाच काळ.

सुरुवात कुठून?

महागड्या कॅटमरानपासून नाही. एका बोटीला लाखांत पैसे जातात आणि दुरुस्तीचा माणूस जिल्ह्यात मिळणार नाही. पहिली पायरी पोहण्याची आणि लाइफ जॅकेट घालण्याची. दुसरी, लहान मुलांची 'ऑप्टिमिस्ट' होडी. आठ फुटांच्या आतली, ३५ किलोची, एका पोरानं चालवायची आणि पंधरा वर्षांपर्यंतच्यांसाठी. कॅटमरान ही तिसरी पायरी. मुळा किंवा भंडारदऱ्यापैकी एका जलाशयावर एक काठ, एक शेड, चार होड्या, एक प्रशिक्षित शिक्षक आणि एक मदतीची बोट, एवढं जिल्हा क्रीडा यंत्रणा आणि जलसंपदा विभाग मिळून करू शकतात का, हा खरा प्रश्न आहे. स्टेडियमपेक्षा यात सिमेंट कमी लागतं.

पदक येईल की नाही हे पुढचं. एखाद्या गावात पंचवीस पोरं-पोरी अशी तयार झाली की ज्यांना वारा ओळखता येतो, उलटलेली होडी धरून ठेवता येते आणि बुडणाऱ्याजवळ कसं जायचं ते कळतं, तर पुढच्या वेळी शोधपथक धुळ्याहून येईपर्यंत काठावर नुसती गर्दी उभी राहणार नाही. आमदार-खासदार धरणावर जलपूजनाला येतातच. साडी-चोळी, नारळ सोडून झाला की काठावरच्या कुणीतरी त्यांना एवढंच विचारावं, साहेब, या पाण्यात आमची पोरं शिकणार कधी?