घुमटाखालची जाळी



शेजारच्या मुलाने कॉम्प्युटरवर स्तूप केला. पडद्यावर घुमट अगदी गुळगुळीत! थ्री-डी प्रिंट करून आणला, तर त्यावर पैलूच पैलू. पैसे गेले. आम्हीही आधी मशीनलाच बोल लावला.

राइनो या प्रोग्राममध्ये घुमट हा स्प्लाइनचा, म्हणजे गणिताने बांधलेला वक्र पृष्ठभाग असतो. (स्प्लाइन ही मुळात जहाजांची रेखाटने करणाऱ्यांची लवचीक पट्टी. शब्द कारागिरांचाच!) पण प्रिंटरकडे जाते ती सपाट त्रिकोणांची जाळी. पडद्यावरच्या छायाप्रकाशात सांधे लपतात, प्रिंटमध्ये उघडे पडतात.

धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. मग आत डोकावायला काय हरकत? 'मेश' हा आदेश देऊन जाळी वेगळी काढावी, मूळ घुमट लपवावा आणि बाजू मोजाव्यात. 8 सें.मी. रुंद घुमटाच्या घेराला 24 बाजू असतील, तर प्रत्येक बाजूचा मध्य खऱ्या वक्रापासून सुमारे 0.34 मि.मी. आत राहतो. ते बोटालाही कळते. 96 केल्या, की फरक उरतो 0.02. याहून बारीक जाळीने फाईल मात्र उगाच जड होते.

जाळीच्या उघड्या कडाही तपासाव्यात. शिवण उसवलेली गोधडी कोण पांघरणार?