काडतूस दातांनीच का तोडायचे?

ऐतिहासिक चित्रपटातील बंदुकीविषयी कुणी शंका काढली, की उत्तर ठरलेले असते : ‘अहो, ती कलाकृती आहे, शस्त्रागाराची यादी नव्हे.’ हे वाक्य आम्ही चर्चासत्रांत ऐकले आहे, वर्गात ऐकले आहे, आणि एके काळी स्वतःही मोठ्या रुबाबात उच्चारले आहे. आज ते मागे घेतो.

गणवेशाची बटणे मोजणाऱ्या संप्रदायाचे आम्ही नव्हे, हे आधीच सांगून टाकू. ‘द कोमॅन्चेरोज’ (१९६१) या चित्रपटाचे कथानक १८४३ मधले आणि जॉन वेनच्या हाती विंचेस्टरची रायफल १८९२ ची! अर्धशतकाची गफलत, पण तिथे फारसे काही बिघडत नाही. त्या दंतकथेत रायफल ही नायकाच्या टोपीसारखीच एक खूण असते. बंदूक हेच जिथे घटनेचे कारण असते, तिथे मात्र ही सवलत देता येत नाही. आणि आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच १८५७.

‘मंगल पांडे : द रायझिंग’ (२००५) या चित्रपटाने एन्फिल्डचे काडतूस कथेच्या केंद्रस्थानी आणले. प्रेक्षकाच्या मनात त्यातून जी साखळी पक्की होते ती अशी : नवी बंदूक, चरबीचे काडतूस, मंगल पांडे, बंड. साखळी सुटसुटीत आहे. पण २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडेच्या हाती होती ती जुनी, आतून गुळगुळीत नळीची बंदूक. त्याच्या ३४ व्या पलटणीला एन्फिल्ड वाटली गेलेलीच नव्हती. अखेरीस त्याने ती स्वतःच्या छातीला लावली आणि चाप पायाच्या अंगठ्याने दाबला. बंदूक साडेचार फुटांच्या आसपास लांब; हात चापापर्यंत नीट पोहोचणार कसा? शस्त्राची लांबी ठाऊक नसेल, तर हा अंगठा केवळ विक्षिप्तपणा वाटतो.

आता काडतुसाकडे येऊ. ते म्हणजे दारू आणि गोळी भरलेली कागदाची सुरळी. ठासणीची बंदूक भरताना एक हात ती उभी धरण्यात गुंतलेला, दुसऱ्यात काडतूस; मोकळे राहतात ते दात. म्हणून दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी घालायची आणि गजाने ठासायची. एन्फिल्डच्या नळीत आतून पीळदार खाचा; गोळी तिच्यात घट्ट बसावी, तरीही सहज उतरावी, म्हणून कागदाला वंगण. धर्माचा प्रश्न कवायतीच्या हालचालीत येऊन बसला तो असा. वंगण नेमके तोंडाशी येत होते.

पण गोष्ट इथेच संपत नाही. २६ फेब्रुवारी १८५७ ला बऱ्हाणपूरच्या (बंगालमधल्या बहरामपूरच्या, आपल्या खानदेशाजवळच्या नव्हे) १९ व्या पलटणीने नाकारली ती काडतुसे जुन्या बंदुकीचीच होती, संशय आता कागदावरच जडला होता. पुढे दातांऐवजी हाताने तोडण्याची मुभा आली. २४ एप्रिलला मेरठच्या कवायतीत ९० स्वारांपुढे जी काडतुसे ठेवली तीही जुन्याच प्रकारची, आणि ती हातांनी तोडायची होती. तरी ८५ जणांनी नकार दिला. म्हणजे चरबी तिथे नसताना, दात लावायचे नसताना! भडका उडाला तो विश्वास पार आटल्यामुळे, आणि ही शोकांतिका चरबीच्या एका ठिपक्याहून कितीतरी खोल आहे. जी बंदूक नाकारली तीच पुढे समोरून चालली, आणि तिची गोळी जुन्या बंदुकीच्या कित्येक पट दूर जात होती. एवढी सामग्री हाताशी असताना पटकथाकाराला साखळी सोपी करावीशी वाटते, याला आम्ही कलात्मक स्वातंत्र्य म्हणत नाही, आळस म्हणतो.

‘तान्हाजी’ (२०२०) मधल्या ‘नागीण’ नावाच्या अजस्र तोफेविषयी काय लिहावे? ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीचा कोंढाणा अंधार, दोर आणि हातघाई यांनी उभा राहतो. तोड्याच्या बंदुकीची जळती जामगी अंधारात दुरून दिसते, तिचा वास येतो. रात्रीच्या छाप्यात ती हल्लेखोराचा घात करू शकते. या एका निखाऱ्यात केवढे नाट्य होते! ते सोडून तोफ आणली. असो.

यावर सांगितले जाते, की प्रेक्षकाला बंदूक भरण्याची वाट पाहायला वेळ नाही. मग स्टॅन्ली कुब्रिकचा ‘बॅरी लिंडन’ (१९७५) पाहावा. त्यातले कोठारातले पिस्तुलांचे द्वंद्व थॅकरेच्या कादंबरीत नाही; दिग्दर्शकाने ते बेलाशक पदरचे घातले. पण पिस्तुले चकमकीची, एकबारी. लॉर्ड बुलिंग्डन घोडा चढवायला जातो आणि बार जमिनीत उडून जातो. त्याची संधी संपली. आता उभे राहून समोरच्याच्या गोळीची वाट पाहायची. संपूर्ण प्रसंग त्या यंत्राच्या मर्यादेतून उगवतो. कथेशी स्वातंत्र्य, शस्त्राशी इमान : या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, आणि नांदतात तेव्हाच आपण श्वास रोखतो.

साहित्याच्या आम्हा शिक्षकांनी मात्र दिग्दर्शकांवर फार दात खाऊ नयेत. ‘ठासून सांगणे’ आम्ही शिकवतो, पण तो गज आमच्या डोळ्यांसमोर कधी येतो? ‘फुसका बार’ आम्ही परीक्षेत वाक्यात उपयोग करण्यासाठी देतो. ‘चकमक’ म्हणजे किरकोळ लढाई, असे फळ्यावर लिहितो आणि ठिणगी पाडणारी गारगोटी पुसून टाकतो. ऐतिहासिक कादंबरीवरच्या प्रबंधांत व्यक्तिरेखा, वातावरण, भाषाशैली अशी प्रकरणे पडतात. नायकाच्या हातातली वस्तू कशी चालते, याला परिच्छेदसुद्धा मिळत नाही. चित्रपटवाले निदान खोटी का होईना, बंदूक दाखवतात.