८०,०५८ मधला एक

मी मनमाडचा. बाप रेल्वेत गँगमन, आजाही गँगमन. २०११ च्या जनगणनेत आमच्या गावाची लोकसंख्या भरली ८०,०५८. त्यातला मी एक. सरकारदरबारी माझं असणं एवढंच, म्हणून आकडा पाठ आहे.

परवा त्या जनगणनेचा गोषवारा वाचत बसलो. राबणाऱ्यांचे रकाने चार : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर’. आता शहरात नांगर किती जणांच्या हातात असणार? म्हणजे बहुतेक मनमाड ‘इतर’मध्ये. स्टेशनमास्तर इतर, रुळाखाली खडी ठोकणारा माझा बाप इतर. डॉक्टर इतर, गटार उपसणारा इतर, एफसीआयच्या गोदामात पोती वाहणारा हमालही इतर. कागदावर असे मांडीला मांडी लावून बसलेत सगळे, की समता आलीच म्हणायची. पंगतीत नाय कुणी बसवलं असं आम्हाला.

याच मनमाडात फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब तिथं बोलले ते या रकान्याच्या पोटातलं. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो नि गँगमन म्हणूनच सडतो. पोर्टर होऊ देत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला राबवतो, आणि आपला हात त्याच्या घरात चालत नाही. कारखान्यात खलाशी व्हा, मेकॅनिक नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन दुश्मन, हे त्यांनी सांगितलं ते इथंच.

पाण्याचंही तेच. फॉर्मात विचारतात, पाण्याचा मुख्य स्रोत कोणता? नळ! दुष्काळाच्या सालात त्या नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस थेंब नसायचा. आई पिंपं मांडून रात्र जागायची. किती दिवसांनी पाणी येतं, हा प्रश्नच फॉर्मात नव्हता. आम्ही नळवाले.

आता माझा गाढवपणा सांगतो. २०११ ला प्रगणक मास्तर दारात आला. बाप ड्यूटीवर. मास्तरानं न विचारताच धर्म ‘हिंदू’ लिहिला. मी बोट ठेवलं, खोडा म्हणालो. ‘एकच की रे,’ म्हणत त्यानं खोडलं. मग विचारलं, जात? मी छाती काढून म्हणालो, जात आम्ही १९५६ लाच सोडली. मास्तर खूश. त्यानं पुढं रेघ मारली.

संध्याकाळी बापाला ऐटीत सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता थांबला. ‘आरं, मग आपल्याला त्या रकान्यात मोजलंच न्हाई की!’

घरातली पाच माणसं अनुसूचित जातीच्या आकड्यातून मीच बाहेर काढली होती. आणि नगरपालिकेत आपल्या राखीव जागा किती, हे त्याच आकड्यावर ठरतं.

मागचं जरा बघा. १९८१ ला महाराष्ट्रात अनुसूचित जाती ७ टक्के, १९९१ ला ११ टक्के. दहा वर्षांत एवढी पोरं कुठून झाली? पोरं नाही, कायदा झाला. १९९० पर्यंत केंद्राच्या लेखी बौद्ध माणूस अनुसूचित जातीत बसत नव्हता. धर्म घेतला म्हणून चौतीस वर्षं यादीबाहेर! भांडून यादीत आलो. त्या यादीत ‘नवबौद्ध’ असं नाव नाही, जातींचीच नावं आहेत.

काही मित्र म्हणतात, जात लिहिणं म्हणजे बाबासाहेबांशी बेईमानी. मीही तेच म्हणायचो. पण जात आपण पाळायची सोडली. गावानं आपल्यावर चालवायची सोडलीय का? दवाखान्यात जखम दाखवायला लाजून कसं चालेल?

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरलीय, आणि १९३१ नंतर पहिल्यांदा जनगणनेत सगळ्यांची जात मोजायची आहे. धर्म बौद्ध, आणि जातीच्या रकान्यात यादीतलं नाव. दोन्ही. पेन त्याच्या हातात असला तरी डोळे आपले हवेत. आमच्या आळीत मी दारोदार फिरणार आहे, मास्तराच्या आधी. तुमच्या वस्तीत कोण फिरणार, ते येत्या रविवारी विहारात बसून ठरवा.